घासाघीस नेमकी कुणाशी?

भाव केल्याशिवाय घेतलेली वस्तू आपल्याला अंगी लागत नाही! वीसची मेथीची जुडी पंधराला मागायची, भाजी तोलून झाल्यावर वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी टाकायला लावायची, आणि घरी येऊन 'कशी स्वस्तात आणली' हे शेजारणीला सांगायचं. यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या घरात महिन्याचा पगार वीस-बावीस तारखेला संपायला येतो, तिथे घासाघीस ही हौस नसते, ती गरज असते. पैशाला पैसा जोडण्याचं हे शहाणपण आपल्या आई-आजीनं आपल्याला दिलं आहे. तेव्हा घासाघीस करू नका, असं सांगायला मी बसलेली नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की आपण ही घासाघीस करतो ती नेमकी कुणाशी?

जरा आठवून बघा. चंद्रपूरसारख्या शहरात आता चकचकीत सुपर मार्केट आहेत. गडचिरोलीच्या घरातही मोबाइलवर मागवलेलं खोकं दारात येऊन पडतं. तिथे आपण कुणाशी भाव करतो? पाकिटावर छापलेल्या किमतीपुढे आपण मुकाट्यानं मान तुकवतो. 'दोनवर एक मोफत' असं लिहिलं असेल तर गरज एकाची असताना तीन उचलतो आणि पैसे वाचवल्याचं समाधानही मिळवतो. ढकलगाडी भरत जाते. बिल झालं की आकडा पाहून क्षणभर छातीत धस्स होतं, पण आपण कार्ड पुढे करतो. आणि त्याच आठवड्यात आठवडी बाजारात जमिनीवर फडकं अंथरून बसलेल्या एखाद्या बाईसमोर आपण पाच रुपयांसाठी दहा मिनिटं उभ्या राहतो. ती म्हणते, "एवढ्यात नाही पुरत जी बाई." आपण चार पावलं पुढे जाण्याचं नाटक करतो. मग ती मागून हाक मारते, "बरं, घेऊन जा."

तिनं दिलेली हार आपल्याला जिंकल्यासारखी वाटते. माझं मन अडतं ते इथेच.

तिच्या फडक्यावर असतं तरी काय? आपले हे दोन जिल्हे जंगलाचे. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा तर निम्म्याहून कितीतरी अधिक भाग जंगलानं व्यापलेला. ऋतूप्रमाणे तिच्या पुढ्यातला माल बदलतो. उन्हाळ्यात मोहफुलं, टेंभरं, चारोळी. पावसाळा लागला की जांभळं, तरोट्याची भाजी, बांबूचे कोवळे वास्ते, सात्या. पुढे सीताफळं, हिरडा, बेहडा, डिंक. बहुतेक सगळं बायकांनी वेचलेलं. त्यातली चारोळीच घ्या. श्रीखंडावर, बासुंदीत आपण चिमूटभर टाकतो ती. उन्हाळ्यात चाराची फळं रानातून गोळा करायची, भिजवून-चोळून वरची साल काढायची, बिया वाळवायच्या, मग कठीण कवच फोडून आतला दाणा अख्खा ठेवून वेगळा करायचा आणि पाखडायचा. एवढ्या खटाटोपानंतर ओंजळभर चारोळी हाती लागते. मोहफुलांचंही तसंच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून टपटप पडणारी फुलं ऊन चढायच्या आत वेचायची, एकेक वाकून. दिवसभर वाळवायची. वर रानात अस्वलाची, वाघाची भीती वेगळीच.

या कष्टाची मजुरी कुणी धरते का? मिठाच्या बदल्यात चारोळी देऊन टाकण्याचे दिवस जुन्या माणसांच्या तोंडून अजून ऐकायला मिळतात. आता मीठ गेलं, रोख रक्कम आली. पण बाजारात मालाचा भाव ठरवणारा मात्र अजूनही बहुतेक वेळा समोरचाच असतो. तीच चारोळी व्यापाऱ्याकडून शहरात जाते, पाकिटात बसते, पाकिटावर सुंदर नाव येतं आणि आपण तिच्या कितीतरी पट किंमत विनातक्रार मोजतो. म्हणजे ज्या बाईनं सगळ्यात जास्त राबायचं, तिच्याशीच आपण सगळ्यात जास्त घासाघीस करायची. हा कुठला न्याय?

वाटतं तेवढा हा भावनेचा विषय नाही. भाव कुणाच्या हातात आहे, यानं गावाचं नशीब कसं पालटतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे सगळ्यांना माहीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनउपज म्हटलं. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात होता. कारण बांबू हे खरं तर गवत; पण १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाडात धरलेलं! गावानं चिकाटी सोडली नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी दाखवून दिलं, की वेचणाऱ्याच्या-तोडणाऱ्याच्या हातात भाव आला तर गाव स्वतःची मजुरी स्वतः ठरवू शकतं आणि जंगलही राखू शकतं. ज्याला उद्याही तिथूनच बांबू काढायचा आहे, तो आज ओरबाडून कसा नेईल? त्याच जंगलाच्या बांबूचं सूप आपण पाच रुपये कमी करून मागतो, तेव्हा त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला आपणही हात लावत असतो, हे विसरून चालणार नाही.

आता सुपाचाच विषय निघाला तर बोलू या. बुरडाच्या हातचं सूप, टोपली, डाली या वस्तू आपल्या घरांतून कधी गेल्या हे आपल्याला कळलंही नाही. प्लास्टिकचं सूप आलं, प्लास्टिकची टोपली आली. रंगीत, धुवायला सोपी आणि स्वस्त. सोयीची वस्तू बाईनं घेतली तर तिला नावं ठेवायची नाहीत, हे माझं पक्कं मत आहे. पण हिशेब तरी पुरता करावा. बांबूचं सूप शेणा-मेथ्यानं सारवलं, कोरडं ठेवलं तर वर्षानुवर्षं पाखडतं. मोडलं तर चुलीत जातं, राख भांडी घासायला येते. प्लास्टिकचं सूप उन्हात ठेवलं की कडकतं, काठ तुटतो, आणि मग ते कुठे जातं? घंटागाडीत. तिथून पुढे कुठे, हे आपण विचारत नाही. चंद्रपूरकरांनी पावसाळ्यात झरपट नदीच्या काठानं एकदा चक्कर मारावी, म्हणजे आपण टाकलेलं सगळं पुन्हा भेटतं!

सगळ्यात जास्त प्लास्टिक आपण बायका कधी वाटतो, सांगू? संक्रांतीला. रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू, आणि वाण काय? तर प्लास्टिकचा डबा, प्लास्टिकची चाळणी, प्लास्टिकची ताटली. ठोक बाजारात जाऊन 'शंभर नग घेतले तर किती?' असं विचारून आणलेलं. एकेका घरी पंधरा-वीस वाणं जमतात. त्यातली निम्मी माळ्यावर जातात आणि पुढच्या संक्रांतीला फिरून दुसरीच्या ओटीत पडतात. वाणाचा अर्थ काय होता? सुगडात काय घालायचो आपण? हरभरा, बोरं, ऊस, गाजर, तिळगूळ, म्हणजे त्या ऋतूत शेतात पिकलेलं. सगळं खाण्याचं, सगळं संपणारं. संपणारी वस्तू वाटण्यात आपल्याला कमीपणा कधीपासून वाटायला लागला? त्याऐवजी गावातल्या बचत गटाकडून जवसाची चटणी, मोहफुलांचे लाडू, नाही तर बुरडाकडून हाताएवढी परडी घेतली तर? शंभर नगांची ऑर्डर ही फार मोठी गोष्ट असते हो! बचत गटांच्या बायकांबरोबर काम करताना मी पाहिलं आहे, प्रदर्शनातल्या कौतुकानं त्यांचं पोट भरत नाही. एक ठरलेली ऑर्डर मिळाली, तर मात्र चार घरांचा महिना निघतो.

पत्रावळीचंही हेच झालं. आपल्याकडे पळस काय कमी आहे? पूर्वी लग्नाची पंगत पळसाच्या पानांवर उठायची. मग थर्माकोल आला. राज्य सरकारनं २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढली. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. बंदी आली तेव्हा सगळ्यांना कापडी पिशव्या आठवल्या, महिनाभर दंडाच्या बातम्या झळकल्या, आणि मग? भाजीवाल्याच्या गाडीखाली पातळ पिशव्यांचा गठ्ठा अजूनही असतो, आणि तो आपल्यासाठीच असतो. कारण पिशवी दिली नाही तर आपण पुढच्या गाडीवर जातो! थर्माकोलच्या जागी कागदी ताटल्या आल्या, त्यांच्या आतल्या बाजूला बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. नाव कागदाचं, काम प्लास्टिकचं. कायदा दुकानदाराला दंड करू शकतो, पण रिकाम्या हातानं बाजाराला निघायची आपली सवय कोणता इन्स्पेक्टर मोडणार?

आणखी एक उदाहरण दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रोजच्या ताटातलं. तांदूळ आणायला गेलं की आपण सहज म्हणतो, 'एचएमटी द्या, बारीक आहे, मोकळा होतो.' कुणाला माहीत आहे, हा तांदूळ कुठून आला? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड या लहानशा गावातून. दादाजी खोब्रागडे नावाच्या, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्यानं १९८३ साली आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या. त्या जपून ठेवल्या, पुन्हा पेरल्या, वर्षानुवर्षं निवड करत नेली. त्यातून हे बारीक, चवदार धान तयार झालं. १९९० च्या सुमारास ते बाजारात आलं, तेव्हा एका व्यापाऱ्यानं त्याला त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या एचएमटी घड्याळाचं नाव देऊन टाकलं. पिकवणाऱ्याचं नव्हे, घड्याळाचं! पुढे १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं त्यातूनच 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केलं आणि मूळ श्रेयाचा वाद दादाजींच्या वाट्याला आला. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'नं दखल घेतली. पण परिस्थिती हलाखीचीच राहिली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीत 'सर्च'च्या रुग्णालयात ते गेले. घड्याळाच्या कंपनीला टाळं लावायचा निर्णय २०१६ मध्येच झाला होता. घड्याळ गेलं, दादाजी गेले, तांदूळ मात्र अजून आपल्या कुकरमध्ये शिजतो आहे.

दादाजींवर अन्याय सरकारनं केला, व्यवस्थेनं केला, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. ते खरंही आहे. पण किराणा दुकानात गेली तीस वर्षं आपण 'एचएमटी किती?' एवढंच विचारलं. 'एचएमटी कुणाचा?' असं विचारलंच नाही. जी गोष्ट गिऱ्हाईक विचारत नाही, ती दुकानदार कशाला सांगेल? आणि ती पाकिटावर तरी कशाला छापली जाईल?

आता माझ्या मैत्रिणी म्हणतील, 'बाई, हे सगळं बोलायला ठीक आहे. पण ज्यांचं पोट भरलं आहे त्यांनी असले विचार करावेत. आम्हाला महागाईत तेल-डाळ भागवायची, मुलांच्या फिया भरायच्या. हातसडीचा तांदूळ, रानातला मध, बांबूच्या वस्तू ही आता श्रीमंतांची फॅशन झाली आहे.' या म्हणण्यात तथ्य आहे. शहरातल्या काही दुकानांत 'ऑरगॅनिक' म्हणून हीच रानभाजी आणि हेच मोह असा काही दर लावून विकतात, की आपले डोळे पांढरे व्हावेत. ती जाण नव्हे, तो नवा धंदा आहे. त्यातला किती पैसा वेचणाऱ्या बाईपर्यंत जातो, हा प्रश्न तिथेही विचारायलाच हवा. हिरव्या पानाचं चित्र छापलं म्हणजे माल सज्जन होत नाही!

आणि दुसऱ्या बाजूनंही स्वप्नरंजन नको. आठवडी बाजार म्हणजे काही सत्ययुग नाही. तिथेही मापात पाप असतं. दूरवरून आलेला प्लास्टिकचा माल तिथेही ढिगानं असतो. चारोळी विकून आलेली तीच बाई जाताना एक-दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं घेऊन जाते. तिनं तसं करू नये, असं सांगणाऱ्या आपण कोण? तिच्या मुलीलाही केस मऊ हवे असतात, तिलाही जीन्स घालावीशी वाटते. 'आदिवासींनी साधं राहावं आणि आम्ही त्यांचा साधेपणा विकत घ्यावा' असं माझं मुळीच म्हणणं नाही. उलट मला हेच म्हणायचं आहे, की तिच्या कष्टाचे पुरते पैसे मिळाले, तर पुडीऐवजी बाटली घ्यायची ऐपत तिच्यात येईल. गरिबाला सुटी पुडीच परवडते, हे आपल्यासारख्या हिशेबी बायकांना कुणी समजावून सांगायला नको.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. घासाघीस करायची आपली ताकद फक्त जागेवर लावायची.

जिनं स्वतः वेचलं, पिकवलं, विणलं, तिच्याशी पाच-दहा रुपयांसाठी ओढाताण करू नये. तोलमाप नीट बघावं, शिळं असेल तर घेऊ नये, पण कष्टाचा भाव पाडू नये. त्याऐवजी घासाघीस पाकिटाशी करावी. पाकिटावर आता किलोला किंवा ग्रॅमला काय दर पडतो तोही छापावा लागतो, तो आपण किती जणी वाचतो? तो वाचला की 'मोठा पॅक स्वस्त' आणि 'दोनवर एक मोफत' यांतलं पाणी लगेच कळतं. दुकानदाराशी हुज्जत घालावी ती 'अर्धा किलो डाळ माझ्या डब्यात द्या' यासाठी. आणि सगळ्यात कडक घासाघीस स्वतःशी करावी: ही वस्तू नसती तर माझं काय अडलं असतं? मोबाइलवर रात्री अकराला बोट दाबून मागवलेल्या वस्तूंना हा एक प्रश्न विचारला, तर निम्मी खोकी दारात येणारच नाहीत. आरमोरी-नागभीड भागात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे जोपासून कोसा तयार होतो. त्या कोशाची एक खरी साडी घेण्याऐवजी आपण सेलमधल्या पाच नकली रेशमी साड्या घेतो आणि त्या दोन धुण्यांत पोछा होतात. स्वस्त नेमकं कोणतं पडलं?

दुसरं म्हणजे एकटीनं नको, मिळून करू या. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारची काही कुटुंबं एकत्र येतात, महिन्याची यादी करतात, माल एकदम आणतात आणि आपापसात वाटून घेतात. ना जाहिरात, ना चकचकीत पॅकिंग. मुंबईच्या चाळींत आणि फ्लॅटमध्ये जे जमलं, ते चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीला का जमू नये? उलट आपल्याला तर ते जास्त सोपं आहे. आपला तांदूळ पिकवणारा तीस-चाळीस किलोमीटरवर आहे. दहा घरांनी मिळून दिवाळीनंतर एका शेतकऱ्याकडून वर्षाचं धान घ्यायचं, गिरणीवर भरडून आणायचं. उन्हाळ्यात एखाद्या ग्रामसभेकडून किंवा बचत गटाकडून चारोळी, मध, डिंक ठरलेल्या भावानं घ्यायचं. दलालाचा वाटा निघाला की तिला चार पैसे जास्त मिळतात आणि आपल्यालाही महाग पडत नाही. शिवाय तांदूळ कुणाचा, हे घरातल्या पोरांनाही कळतं.

ग्राहक राजा आहे, असं जाहिरातीत म्हणतात. पण राजा होऊन चालणार नाही. राजाला फक्त हवं असतं. घर चालवणाऱ्या बाईला मात्र पुरवायचं असतं, उरवायचंही असतं, उद्यासाठीही आणि दुसऱ्यासाठीही. तेव्हा येत्या संक्रांतीची वाणाची यादी आत्ताच करायला घ्या. ठोक बाजारात जायच्या आधी एकदा बुरडाच्या घराकडे, एकदा बचत गटाकडे चौकशी करा. आणि तिनं सांगितलेला भाव ऐकल्यावर, सवयीनं 'जास्त होतात बाई' हे शब्द ओठांवर आलेच, तर एवढंच विचारा, "करायला किती दिवस लागतात हो?" तिचं उत्तर ऐका आणि मग भाव करा. बघा, कमी करून मागायला जीभ उचलते का!